गाडीचं प्लास्टिक तुटलंय? आधी ते उलटं करून बघा

गाडी जुनी झाली की इंजिनाच्या आधी प्लास्टिक कुरकुरायला लागतं. डोअर पॅड खडखडतं, ग्लोव्ह बॉक्स एका बाजूने लोंबतो, पुढच्या चाकावरचं लायनर टायरला घासून फर्रर्र वाजतं आणि गॅरेजमध्ये विचारलं की ठरलेलं उत्तर, "साहेब, अख्खा पार्टच येतो, सुटं नाही मिळत." आता पार्ट नव्वद टक्के धडधाकट असतो हो, तुटलेला असतो तो मागचा छोटासा कान नाहीतर स्क्रू जातो ती पोकळ नळी. म्हणजे जे कोणाला दिसणारच नाही. मग फिनिशिंगचं टेन्शन कशाला, पकड आली की झालं. मी ही कामं रविवारी पार्किंगमध्ये बसून करतो, येणारेजाणारे सल्ले देतात ते फुकट.

तर आधी काय करायचं, पार्ट काढून उलटा करायचा आणि मागे बारीक अक्षरं शोधायची. पीपी, एबीएस, पीपी प्लस ईपीडीएम टी२० असं काहीतरी कोरलेलं असतं. पीपी (पॉलीप्रॉपिलीन) आणि एबीएस ही प्लास्टिकची नावं, ईपीडीएम हे त्यात मिसळलेलं रबर, आणि टी२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्क, म्हणजे एका खनिजाची पावडर, मिसळलंय. सगळा खेळ या अक्षरांवर आहे. लोक प्लास्टिक तुटलं की डायरेक्ट फेविक्विक काढतात आणि पीपीवर ते दोन दिवसांत टक्कन सुटतं, त्यात फेविक्विकचा दोष नाही, पीपीचा पृष्ठभागच असा असतो की त्यावर नेहमीचं कुठलंच ग्लू धड पसरत नाही, आरल्डाइटसुद्धा पापुद्र्यासारखं निघून येतं.

एबीएस असेल तर मात्र तुमचं नशीब. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं. त्याचे तुकडे (लेगोचे ठोकळेही एबीएसचेच, पण पोरांना विचारून घ्या) काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की इडलीच्या पिठासारखं दाट होतं, ते भेगेत भरायचं आणि एक दिवस हात लावायचा नाही. हा जोड नुसता चिकटत नाही, दोन्ही बाजू विरघळून एक होतात. ॲसिटोन झटकन पेट घेतं, त्यामुळे किचनमध्ये नको, गॅलरीत करा. एबीएसच्या पार्टची स्क्रूची नळी फुटली असेल तर बाहेरून टेप गुंडाळायची, आत खाण्याचा सोडा भरायचा आणि वरून फेविक्विकसारख्या सुपरग्लूचे थेंब, काही सेकंदांत दगड होतो, मग स्क्रूपेक्षा बारीक ड्रिलने भोक पाडायचं. थेंब टाकताना जो धूर येतो तो डोळ्यांना जाम झोंबतो, तोंड लांब ठेवा.

पीपीला चिकटवायचं नाही, वितळवायचं. त्यासाठी वायरी जोडायचं साधं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं, पीपी साधारण १६०-१६५ डिग्रीला वितळतं. भेग जिथे संपते तिथे २-३ मिमीचं भोक पाडून घ्यायचं म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग मागच्या बाजूने भेगेवर खाच करायची, डासांच्या स्टीलच्या जाळीचा तुकडा आयर्नच्या तापलेल्या टोकाने आत दाबायचा आणि वरून पीपीच्या पट्ट्या वितळवून भरायच्या. पट्ट्या कुठून आणायच्या? श्रीखंडाच्या डब्याचं झाकण उलटं करून बघा, त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पीपी. फक्त नुसतं वरून लिंपू नका, खालचं प्लास्टिकही वितळून त्यात मिसळलं पाहिजे. तपकिरी व्हायला लागलं म्हणजे जळतंय, तो भाग ठिसूळ होणार. केबल टाय वितळवून भरायचे व्हिडिओ बघितलेत मी, पण टाय नायलॉनचे असतात, पीपीत मिसळत नाहीत. लायनरला भेगेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून टाय ओवले तर मात्र मस्त टिकतात, आणि चाकाच्या आत कोण बघायला जातंय.

डॅशबोर्ड पॉलिश मारलेल्या पार्टवर काहीच धरत नाही कारण त्यात बहुतेक वेळा सिलिकॉन असतं. आधी साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मगच पॉलिश पेपर मारा, उलट केलं तर ते सिलिकॉनचं तेल रेघांमध्ये जाऊन बसतं.

एअरबॅगच्या वाटेतलं काहीही घरी जोडायचं नाही. कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत काचेच्या बाजूचे खांब झाकणाऱ्या पट्ट्या, डॅशबोर्डवरचं एअरबॅगचं झाकण, यांच्या क्लिपा ठरावीक पद्धतीनेच सुटायला हव्यात, तिथे जाळी-सोल्डर केलं तर एअरबॅग उघडताना तोच तुकडा तोंडावर येऊ शकतो. इथे गपगुमान नवीन पार्ट घ्या.

आणि पार्ट काढताना स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, ॲक्सेसरीजच्या दुकानात प्लास्टिकच्या पट्ट्यांचा सेट मिळतो तो वापरा, शक्यतो गाडी थोडी उन्हात तापल्यावर, थंडीत सकाळी सकाळी प्लास्टिक कडक असतं आणि चांगले कानही तुटतात. क्लिपा तर तुटणारच, त्या स्वस्त असतात, पण दुकानात जाताना जुनी खिशात टाकून न्या. काउंटरवरचा माणूस टोपी बघून क्लिप देतो आणि बसायला हवा असतो खालचा दांडा.