पद्मिनीची प्रगतीनोंद: गरम इंजिनाचा रुसवा सुटला

मागच्या नोंदीत काम जिथे अडले होते तिथून ते पुढे सरकले आहे, म्हणून ही नोंद ठरल्यापेक्षा लवकर लिहीत आहे. तापलेले इंजिन एकदा बंद केले की पुन्हा सुरूच न होण्याचा माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा हट्ट अखेर सुटला. परभणीच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात भर दुपारी परीक्षकांच्या सांगण्यावरून गाडी बंद केली, बॉनेट उघडून दाखवले, त्यांची विचारपूस संपेपर्यंत ती उन्हातच उभी राहिली आणि त्यानंतर पहिल्याच सेल्फला तिने इंजिन उचलले. छोट्या गावांच्या प्रदर्शनात गुणपत्रिकेवर रंग, क्रोम आणि आतली बैठक यांना जागा असतेच. परंतु गाडी स्वतःच्या इंजिनावर मैदानात येते आणि स्वतःच्या इंजिनावर बाहेर जाते की नाही, याकडे परीक्षकांपेक्षा जमलेल्या लोकांचे लक्ष अधिक असते. त्यामुळे हा दोष मला रंगावरच्या कोणत्याही डागापेक्षा जास्त सलत होता.

लक्षणे जुन्या वाचकांना ठाऊक आहेत. सकाळी गार इंजिन चोक ओढताच सुरू होते, महामार्गावर गाडी तक्रार न करता धावते. मात्र मिरवणुकीत माणसाच्या चालीने चालवली की मिसिंग, म्हणजे इंजिनाचे अडखळणे, सुरू होते, मध्येच सायलेन्सरमधून फटका बसतो आणि बंद करून दहा-पंधरा मिनिटे उभी केली की सेल्फ फिरतो, इंजिन मात्र उचलत नाही. अर्धा-पाऊण तास गार होऊ दिल्यावर जणू काही घडलेच नाही अशा थाटात ते सुरू होते. हे सारे वर्णन व्हेपर लॉकला तंतोतंत लागू पडते. पेट्रोलची वाफ नळीत किंवा पंपात साठली की यांत्रिक पंप ती वाफच दाबत राहतो आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचत नाही. प्रत्येक मैदानावर कोणी ना कोणी जाणते गृहस्थ पुढे येतात आणि पंपावर ओले फडके टाकायला सांगतात. तो सल्ला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचा आहे आणि व्हेपर लॉक खरोखरच असेल तर तो गुणही देतो.

त्या दिशेची कामे आधीच्या नोंदींमध्ये आली आहेत: नळीला एक्झॉस्टपासून आडोसा देणारा ॲल्युमिनियमचा पत्रा, कार्बोरेटरखाली उष्णता अडवणारा जाड फायबरचा तुकडा, पंपाचा नवा डायफ्राम आणि इथेनॉलला टिकणाऱ्या एफकेएम रबराच्या नळ्या. शेवटच्या दोन गोष्टी आता ऐच्छिक राहिलेल्या नाहीत. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्यांमधील रबर त्यासाठी बनवलेलेच नव्हते. ते फुगते, मऊ पडते आणि त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रांत, जाऊन बसतात. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या प्रदर्शनाच्या गाडीची टाकी अर्धवट भरलेली ठेवू नये, हे माझे मत आता पक्के झाले आहे. तर, ही सगळी कामे झाल्यावर गाडीचा वेग सुधारला, मिसिंग काहीसे कमी झाले, परंतु गरम इंजिनाचा रुसवा तसाच राहिला.

निदानाला खरी कलाटणी सेलूच्या मैदानावर मिळाली. गाडी नेहमीप्रमाणे गरम होऊन अडली, तेव्हा फडके शोधण्याऐवजी एअर क्लीनर उतरवला आणि कार्बोरेटरच्या तोंडात पाहत हाताने थ्रॉटल ओढला. ॲक्सिलरेटर पंपाच्या बारीक नळीतून पेट्रोलची स्वच्छ, भरदार धार आली. याचा अर्थ फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, पेट्रोल होते आणि गाडी उपाशी नव्हती. मग प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूजवळ धरले आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितले. गार इंजिनाला निळाशार, टणत्कार करणारा करंट येत असे. त्या दिवशी पिवळट, बारीक आणि सुतासारखा करंट आला, तोही मध्येच तुटणारा. प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडली तर पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करून प्रवाह तोडणाऱ्या जोडीच्या, एका तोंडावर खळगा पडलेला, दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा चढलेला आणि दोन्हींवर करडी-निळी झाक आलेली होती. पॉइंट असे जळतात तेव्हा संशय पहिल्यांदा कंडेन्सरवरच जायला हवा.

नव्याने या छंदात आलेल्यांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या गुंडाळीतला, प्रवाह एकदम तुटायला हवा, कारण तो जितका झटक्यात तुटेल तितका प्लगला जाणारा विजेचा दाब मोठा होतो. प्रवाहाला मात्र तुटायचे नसते. तो उघडणाऱ्या फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्या क्षणापुरता हा प्रवाह स्वतःत सामावून घेतो, पॉइंटवर ठिणगी पडू देत नाही आणि कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र वेगाने कोसळू देतो. कंडेन्सर आतून गळू लागला की ठिणगी प्लगवर पडण्याऐवजी पॉइंटवर पडते. एरवी डिस्ट्रिब्यूटरभोवती पंख्याची आणि धावतानाची हवा खेळत असते. इंजिन बंद केले की ती थांबते, इंजिनाच्या धातूतली सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडते आणि कंडेन्सर सर्वाधिक तापतो तो नेमका गाडी उभी असतानाच. म्हणूनच या दोषाने व्हेपर लॉकचे सोंग इतके हुबेहूब वठवले.

अडचण अशी होती की मल्टिमीटरवर हा कंडेन्सर निर्दोष दिसत होता. क्षमता पाव मायक्रोफॅरडच्या आसपास, म्हणजे जितकी असावी तितकीच होती आणि गळती शून्य होती. परंतु मल्टिमीटर मोजतो तो जेमतेम काही व्होल्टांवर, तर पॉइंट उघडताना कॉइलच्या प्राथमिक, म्हणजे पॉइंटकडच्या, बाजूला दोन-तीनशे व्होल्टांचा झटका बसतो. त्या दाबाखाली आणि तापलेल्या अवस्थेत कंडेन्सर काय करतो, हे पाहण्याचे साधन माझ्याकडे नव्हते. ते मिळाले अंबाजोगाईतल्या एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. आपल्या भागात बोअर आणि विहिरींच्या मोटारी जळण्याचे प्रमाण इतके आहे की लहानात लहान बाजारगावातही रिवाइंडिंगचे दुकान असते, आणि अशा दुकानात मेगर असतोच. मोटारीच्या गुंडाळीचे इन्सुलेशन तपासणारे हे यंत्र पाचशे व्होल्टांवर मोजमाप करते. आपल्याला हवे होते ते नेमके हेच.

दुकानातल्या काकांनी कंडेन्सर हातात घेऊन उलटसुलट पाहिला, मेगरच्या वायरी लावल्या आणि मूठ फिरवायला सुरुवात केली. काटा क्षणभर डगमगला आणि सरळ अनंताच्या खुणेवर, म्हणजे गळती नाही अशा जागी, जाऊन स्थिरावला. मग त्यांनी पेचकसाने दोन्ही टोके जोडून साठलेली वीज उतरवली, चटकन आवाज झाला. वार्निश सुकवण्यासाठी लावलेल्या मोठ्या बल्बजवळ त्यांनी कंडेन्सर ठेवला आणि दुसऱ्या मोटारीचे काम करत राहिले. काही वेळाने चिमट्याने उचलून पुन्हा वायरी लावल्या. या वेळी काटा वर चढला, अर्ध्यावर अडखळला आणि मूठ फिरत असतानाच खाली घसरत गेला. "गार आहे तोवर ठणठणीत, तापला की लीक होतोय बघा, सर," असे म्हणून त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. त्यांनी पैसे घेतले नाहीत. बदल्यात एकदा गाडी दुकानासमोर आणायची, एवढीच अट घातली.

आता कंडेन्सरच्या पुरवठ्याबद्दल स्पष्टच लिहितो. माझ्या गाडीत जो निकामी निघाला तो जुना नव्हता, तर चकचकीत वेष्टनातून नव्याने आणलेला होता, आणि त्याच दुकानातून आणलेले त्याचे भाऊबंदही मेगरसमोर तापल्यावर गळाले. सध्या बाजारात येणाऱ्या कंडेन्सरची आतली गुंडाळी आणि टोकाची जोडणी हलक्या दर्जाची असते, असे माझे ठाम मत झाले आहे. परंतु जुना साठा म्हणजे हमखास चांगला माल, हा आपल्या मंडळींमधला समजही तितकाच घातक आहे. जुन्या कंडेन्सरमध्ये कागदी इन्सुलेशन असते, ते वर्षानुवर्षे दमट हवा शोषते, आणि मुंबईच्या एका गोदामातून आलेल्या जुन्या मालापैकी काही तर गार असतानाच गळत होते. त्यातला जो तापूनही टिकला तो आज गाडीत आहे आणि त्याच पद्धतीने तपासलेले आणखी काही डब्यात आहेत.

सुट्या भागांची ही ओढाताण यापुढे वाढतच जाणार आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीचा सुटा भाग दुकानांत कायम खपत होता, म्हणून तो बनतही होता. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली, आणि तेव्हापासून ज्या भागांचे भाव दुकानदार सहज सांगत असे, त्यांच्यासाठी तो आता आधी फोन नंबर लिहून घेतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी आपल्या जिल्ह्यांतल्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या आणि कारखानदारांच्या दारात उभी असे; त्या बंद पडलेल्या गाड्यांच्या गोठ्यांतून आणि वखारींमधून भाग मिळवणे हाच यापुढचा मुख्य मार्ग राहील.

हे सगळे लिहीत असताना एक कल्पना सुचली आणि ती पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक बदलणार आहे. कंडेन्सर डिस्ट्रिब्यूटरलाच लावला पाहिजे असे विजेच्या दृष्टीने काही बंधन नाही. कॉइलच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टोकापासून गाडीच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत (अर्थिंगपर्यंत) तो जोडलेला असला म्हणजे पुरे. तेव्हा तपासलेला कंडेन्सर कॉइल बसवलेल्या पट्टीखाली, इंजिनाच्या धातूपासून दूर बसवायचा, आणि डिस्ट्रिब्यूटरवर मूळ जागी रिकामा, न जोडलेला कंडेन्सर तसाच ठेवायचा, म्हणजे बॉनेट उघडल्यावर मूळ मांडणी जशीच्या तशी दिसेल. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा विचार मी करत होतो. तो आता सोडून दिला आहे. ते बसवल्यास पॉइंट आणि कंडेन्सर दोन्हींची कटकट मिटते हे खरे, परंतु १०८९ सीसीचे हे इंजिन जसे घडवले गेले तसे ऐकू यावे आणि तसेच समजून घ्यावे, यासाठीच तर ही सारी उठाठेव आहे.

बाकीच्या कामांबद्दल थोडक्यात लिहितो. मागचा बंपर वाळूजच्या एका छोट्या प्लेटिंग कारखान्यातून परत आला आणि तो पाहून मन भरले. तिथल्या कारागिराने आधी तांब्याचा थर देऊन तो घासून घेतला, मग निकल आणि शेवटी क्रोम चढवले. तांबे वगळून थेट निकलवर जाणाऱ्यांचे काम पहिल्या पावसाळ्यातच बुडबुडे धरते. कडेला हात फिरवल्यावर कुठेही खडबडीतपणा लागत नाही. गिअरच्या दांडीचे बुश बदलल्यापासून स्टिअरिंगजवळचा दुसरा गिअर आता न शोधता पडतो.

रंगावरचे पांढरे डाग हा आपल्या भागाचा खास त्रास आहे. आमच्या बोअरच्या पाण्याचे टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, हजाराच्या पुढे आहे आणि त्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की प्रत्येक थेंबाच्या जागी क्षाराचे कडे उरते, ते पॉलिशनेही लवकर निघत नाही. आता गाडी नेहमीच्या पाण्याने धुऊन शेवटचा हात आरओ प्लांटच्या वीस लिटरच्या जारमधील पाण्याने फिरवतो, आणि तेही सावलीत. परभणीत काळ्या रंगावर एकही कडे दिसले नाही. कोरड्या कापडाने धूळ पुसण्याची सवय मात्र मंडळींनी सोडावी, अशी कळकळीची विनंती आहे. काळ्या मातीची धूळ मऊ दिसते, पण तिच्यातली बारीक वाळू रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा ओढते. आधी पाण्याची धार मारावी, मगच कापड लावावे.

कागदपत्रांबाबतचा बेतही बदलत आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षे चालते, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. माझी १९७६ ची पद्मिनी याच वर्षी पन्नाशी गाठत आहे, म्हणून अर्ज करण्याचे जवळजवळ ठरले होते. परंतु अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती चालवता येते. आम्ही अजूनही सणावाराला या गाडीतून गावी जातो आणि आईला पुढच्या सलग सीटवर बसायला आवडते. तेव्हा तूर्त नेहमीची नोंदणी नूतनीकरण करून चालू ठेवणार आहे आणि व्हिंटेजचा विचार पुढे ढकलला आहे.

पुढचे प्रदर्शन उदगीरला, उन्हाळा तापल्यानंतर आहे. पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना कॉइलखालचा कंडेन्सर टिकतो का, हे तिथेच कळेल. त्याआधी रिवाइंडिंगवाल्या काकांच्या दुकानासमोर गाडी नेऊन दिलेला शब्द पाळायचा आहे आणि तिथेच डब्यातल्या कंडेन्सरची गार व गरम अशी दोन्ही मापे लिहून घ्यायची आहेत. पुढच्या नोंदीत ती सर्व देईन. दरम्यान, कोणाकडे पद्मिनीच्या उजव्या मागच्या दाराची काच वर-खाली करणारी मूळ यंत्रणा, दाते न झिजलेली, पडून असेल तर कृपया कळवावे; माझ्याकडे तिच्या बदल्यात देण्यासाठी तपासलेला कंडेन्सर आणि डाव्या बाजूचा एक निर्दोष टेललाइट आहे.