सहावी ते आठवीच्या पालकांसाठी वर्गाचं अपेक्षापत्र: लिहिण्यापासून अंगवळणी पडेपर्यंत

वर्गाच्या अपेक्षा लिहायला बसले की पहिल्या मसुद्यातली विशेषणं मी आधी खोडते. ‘नीटनेटकी वही’, ‘वेळेवर अभ्यास’, ‘चांगली वर्तणूक’, ‘पालकांचं सहकार्य’. हे शब्द वाचून प्रत्येक घर आपापला अर्थ लावतं. कुणाला नीटनेटकी म्हणजे खाडाखोड नसलेली वाटते, कुणाला कव्हर घातलेली. मला हवी असते ती तारीख, पान क्रमांक आणि उदाहरण सोडवतानाची प्रत्येक पायरी असलेली वही. त्यात खाडाखोड असली तरी मला चालते. म्हणून प्रत्येक अपेक्षेला मी तीन प्रश्न लावते: कोणी करायचं, कधी करायचं आणि झालं की नाही हे कशावरून कळणार? तिन्हींची उत्तरं वाक्यात नसतील, तर ते वाक्य पत्रात जात नाही.

‘तयारीनिशी वर्गात यावं’ याचं मग असं होतं: ‘तास सुरू झाल्यापासून 3 मिनिटांत वही, पेन आणि दैनंदिनी बाकावर असेल आणि फळ्यावरचं पहिलं उदाहरण वहीत उतरवलेलं असेल.’ घराचा वाटा त्याखालीच लिहिते: ‘दप्तर रात्री, वेळापत्रक समोर ठेवून, मुलानं स्वतः भरायचं.’ स्वतः हा शब्द मी अधोरेखित करते. दप्तर आईबाबांनी भरलं, तर वही राहिल्याचा दोषही मूल त्यांच्यावरच टाकतं आणि सकाळी आठवण ठेवायची सवय कधी लागतच नाही.

या तीन इयत्तांचं वेगळेपण इथेच आहे. प्राथमिक वर्गात घरानं सगळं सांभाळलेलं असतं आणि आठवी संपेपर्यंत ते मुलाच्या हाती जायला हवं. कधी किती सोडायचं हे पालकांना कुणी सांगत नाही, त्यामुळे काही घरं सहावीतच एकदम हात काढून घेतात, तर काही आठवीतही प्रकल्पाची चित्रं चिकटवत बसतात. माझ्या पत्रात याचा एक छोटा तक्ता असतो. सहावीत पालक रोज दैनंदिनी पाहून सही करतात. सातवीत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. आठवीत मूल स्वतः आठवड्याचं काम दाखवतं आणि सही फक्त चाचणीच्या पेपरवर असते. शंका विचारण्याचंही तसंच: सहावीत पालकांनी मला लिहिलं तरी हरकत नाही; आठवीत आधी मुलानं मला विचारायचं, दोन दिवसांत उत्तर मिळालं नाही तरच पालकांनी यायचं.

पत्र एका पानाच्या वर जाऊ देत नाही. 7 नियम, फार तर 350 शब्द. दोन पानं झाली की दुसरं वाचलंच जात नाही, आणि गुण व उशिराच्या कामाचे नियम नेमके तिथेच असतात. पानाच्या शेवटच्या चार ओळी माझ्यासाठी राखून ठेवते: तपासलेली वही 5 शाळेच्या दिवसांत परत मिळेल, पालकांच्या निरोपाला पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत उत्तर मिळेल, चाचणीची तारीख किमान 7 दिवस आधी कळेल, मुलाला सगळ्यांसमोर रागावलं जाणार नाही. स्वतःच्या नावावर काही न घेता पाठवलेलं पत्र पालकांना हुकूमनामाच वाटतं.

सर्वांत जास्त गोंधळ गृहपाठात होतो, म्हणून त्याला मी सर्वांत जास्त जागा देते. शिक्षकांमध्ये एक जुना अंदाज चालतो, इयत्तेमागे 10 मिनिटं. म्हणजे सहावीला रोज 60, सातवीला 70, आठवीला 80 मिनिटं, आणि हे सगळ्या विषयांचं मिळून. एका दिवशी चार विषयांचं काम आलं तर सहावीत एकाच्या वाट्याला 15 मिनिटं येतात. प्रत्येक शिक्षकानं आपल्या विषयापुरतं ‘फक्त अर्धा तास’ म्हटलं की मुलाचे दोन तास जातात. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला त्या वर्गाच्या इतर शिक्षकांशी कामाचे वार वाटून घेते आणि पत्रात लिहिते: माझ्या विषयाचं काम आठवड्यातून 3 दिवस, दर वेळी 20 मिनिटं.

त्यापुढचं वाक्य पालकांना सुरुवातीला विचित्र वाटतं: ‘मूल मन लावून 20 मिनिटं बसलं आणि काम संपलं नाही, तर तिथे रेघ मारा, शेजारी वेळ लिहा, सही करा आणि वही बंद करा.’ त्या रेघेवरून मला बरंच कळतं. दहा जणांची रेघ तिसऱ्या उदाहरणाखाली असेल, तर माझं शिकवणं तिथे कमी पडलं आहे. एकाचीच रेघ पहिल्याखाली असेल, तर त्याच्याजवळ बसायला हवं. पालकांनी रात्री अकराला उरलेलं सोडवून दिलं की ही माहिती पुसली जाते आणि चूक थेट चाचणीत दिसते. म्हणून रेघेजवळची वेळ आणि सही सोडली, तर वहीत पालकांचं अक्षर नको. मदत करायची तर तीन वाक्यं पुरतात: प्रश्न मोठ्यानं वाच, काय विचारलं आहे ते तुझ्या शब्दांत सांग, असं उदाहरण वर्गात कुठल्या पानावर झालं? एवढ्यावर गाडी हलली नाही तर रेघ.

झोपेचा उल्लेखही मी इथेच करते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेनं 2016 मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार 6 ते 12 वयाला रोज 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप हवी. सकाळी 6 ला उठणाऱ्या सहावीच्या मुलानं रात्री 9 ला झोपलेलं असायला हवं. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप उशिरा लागते, आणि घरी तो आळस समजला जातो. गृहपाठानं झोपेचा वेळ खाल्ला, तर माझ्या मते गृहपाठच कमी व्हायला हवा.

चाचणीच्या तयारीबद्दल एकच सूचना देते, कारण घरी हमखास ‘वाचून काढ’ असं सांगितलं जातं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधल्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना 5 मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, मजकूर न पाहता आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून घरी पुस्तक मिटायचं, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं, मग उघडून राहिलेलं वेगळ्या रंगात भरायचं. 10 मिनिटं, तीन वेगवेगळ्या दिवशी.

आता गुण. काम दिलं नाही म्हणून शून्य टाकणं मी बंद केलं, त्याचं कारण साधा हिशेब आहे. पाच कामांपैकी चारांत 20 पैकी 18 मिळाले आणि एक राहिलं, तर सरासरी 18 वरून 14.4 वर येते. 90 टक्के समजलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात 72 दिसतात आणि पालक विषय कच्चा असल्याचं समजून शिकवणी लावतात. अडचण सवयीची होती आणि उपाय विषयाचा झाला. त्यामुळे न आलेल्या कामापुढे ‘अपूर्ण’ लिहिते आणि 7 दिवसांची मुदत देते. तेवढ्यात ते मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसून पूर्ण करायचं. वेळेवर काम देण्याची नोंद वेगळ्या रकान्यात जाते, गुणांत मिसळत नाही. वागणुकीसाठी गुण कापत नाही आणि सजावटीसाठी वाढवतही नाही. पत्रातला हाच नियम पालकांना सर्वांत जास्त खटकतो. ‘मग धाक कसला?’ असं विचारतात. सुट्टीतली 20 मिनिटं गेलेली मुलाला त्याच दिवशी जाणवतात, शून्य मात्र थेट प्रगतिपुस्तकात दिसतं, हे त्यांना समजावून सांगावं लागतं.

चाचणी परत देताना पहिल्या दिवशी फक्त शेरे असतात. गुण दुसऱ्या दिवशी. रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात नुसते शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली, पण शेऱ्यांसोबत गुण मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. गुण दिसले की शेरा वाचायचा राहतो, हे वर्गातही रोज दिसतं. पालकांना पत्रातून विनंती असते की त्या संध्याकाळी ‘किती मिळाले?’ ऐवजी ‘कुठली चूक दुरुस्त करायची आहे?’ असं विचारावं. फेरचाचणी एकदाच, 10 दिवसांच्या आत, आणि आधी प्रत्येक चुकीपुढे कारण लिहून आणायचं. ‘निष्काळजीपणा’ हे कारण मी घेत नाही. ‘ऋण चिन्ह कंसाबाहेर राहिलं’ हे घेते.

गैरहजेरीला जितके दिवस चुकले तितके जादा दिवस. आठ पानं जोडीदाराच्या वहीतून उतरवायला लावली की मूल दमतं आणि हाती काही लागत नाही; त्याऐवजी दोन उदाहरणं सोडवून दाखवायची. फोन बंद आणि दप्तरात, पण या नियमाला पालकांसाठी एक ओळ जोडावीच लागते: शाळेच्या वेळेत मुलाच्या फोनवर निरोप पाठवू नयेत, तातडीचं काम असल्यास कार्यालयात फोन करावा. अध्ययन अक्षमता असलेल्या किंवा फळ्यावरून उतरवायला त्रास होणाऱ्या मुलांसाठी वही आणि वेळेचे नियम वेगळे असतील, हे पत्रातच छापलेलं असतं. मग दर वेळी त्या मुलाला वर्गात कारण सांगावं लागत नाही.

पत्र घरी पोचलं याचा पुरावा म्हणून नुसती सही घेणं निरुपयोगी आहे, सही न वाचताही होते. मी खाली फाडून देण्याची पट्टी ठेवते, तिच्यावर चार प्रश्न: संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी घरी कोण असतं? मूल कुठे बसून अभ्यास करतं? फोन करायला कोणती वेळ बरी? मुलाबद्दल मला माहीत असायला हवी अशी एक गोष्ट? उत्तरं पाहून नियम बदलावा लागतो. रात्री 8 पर्यंत घरी मोठं माणूसच नसेल, तर रोजच्या सहीचा नियम त्या मुलाला दुसऱ्याची सही करायला शिकवेल. त्याच्यासाठी सही आठवड्यातून एकदा. पालक वेगळे राहत असतील तर दोन प्रती. वाचन अवघड असलेल्या घरांसाठी तेच पत्र दोन मिनिटांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवते. पट्टीला 5 दिवस. सहाव्या दिवशी पालकांना मीच फोन करते, मुलाला उभं करत नाही.

घरी पहिला फोन तक्रारीचा नसावा. 40 जणांच्या वर्गात रोज तीन फोन केले, तर 14 शाळेच्या दिवसांत, म्हणजे साधारण तीन आठवड्यांत, प्रत्येक घरी एक चांगली बातमी पोचते. पुढे अडचण आली की तोच पालक ऐकून घेतो. तेव्हाही विशेषणं गाळायची: ‘लक्ष देत नाही’ म्हटलं की पालक बचाव करतात, ‘मंगळवारी आणि गुरुवारी पहिली 10 मिनिटं वही उघडली नव्हती’ म्हटलं की कारण शोधायला लागतात.

नियम कागदावर दिले म्हणजे मुलांना येतात असं होत नाही. पहिले दोन आठवडे सुरुवातीच्या 3 मिनिटांचा रोज सराव घेते, घड्याळ लावून. तिसऱ्या आठवड्यात हमखास घसरण होते, नवलाई संपलेली असते. तेव्हा नवे नियम घालायचे नाहीत, जुनेच पुन्हा करून घ्यायचे. माझ्या टेबलावर सात रकान्यांचा कागद असतो. कोणता नियम किती जणांकडून मोडला, नुसत्या रेघा. आठवड्यात पाव वर्गाहून अधिक मुलांनी एकच नियम मोडला, तर दोष नियमात आहे असं धरते. कधी काम सांगण्याची वेळच चुकलेली असते: घंटा होता होता फळ्यावर लिहिलेला गृहपाठ निम्म्यांच्या दैनंदिनीत पोचत नाही. तास संपायच्या 6 मिनिटं आधी लिहिला की पोचतो.

सत्राच्या मध्यावर पत्राची दुसरी आवृत्ती जाते. वर तारीख, बदललेल्या ओळींच्या डाव्या समासात उभी रेघ, आणि सातवीच्या प्रतीवर आणखी एक बदल: ‘पालकांची सही’ या रकान्याच्या जागी ‘मी स्वतः तपासलं’.