ओळंब्याच्या दोरीवर सोलापूर: गोल फोटोंचे दोन दिवस

माझ्या पहिल्या पॅनोत, म्हणजे बरेच फोटो जोडून केलेल्या गोल चित्रात, सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाचं पाणी चक्क उताराला लागलं होतं. देवळाकडं वर, किल्ल्याकडं खाली. चूक सापडायला अख्खी रात्र गेली. फोटो जोडायला मी हगिन नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे आणि चांगलं आहे. दोन फोटोंतली सारखी ठिकाणं हेरून ते जुळणीच्या खुणा लावतं, आणि त्यातल्या निम्म्याअधिक त्यानं लाटांवर लावल्या होत्या. आता लाट काय पुढच्या फोटोसाठी थांबून राहते? पाण्यावरच्या आणि ढगांवरच्या सगळ्या खुणा हातानं पुसल्या, देवळाच्या खांबांच्या कडांवर उभ्या रेषा दिल्या, तेव्हा कुठं तलाव आडवा झाला. तळ्याकाठी जाणार असाल तर हे आधीच लक्षात ठेवा, झोप वाचेल.

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा संपल्यावर, जानेवारीच्या शेवटी सोलापुरात मामांकडं गेलो होतो. हेतू एवढाच की सिद्धेश्वर, भुईकोट किल्ला आणि हत्तरसंग कुडल ही तीन ठिकाणं चहूबाजूंनी, ३६० अंशांत टिपायची, म्हणजे घरबसल्या बोटानं फिरवून कुणालाही तिथं उभं राहिल्यासारखं बघता येईल. जत्रेत गेलो असतो तर होम मैदानाचे रंग मिळाले असते, पण हलत्या गर्दीत फोटो जोडणं म्हणजे अर्ध्या माणसांचा बाजार. एकाचं धड, दुसऱ्याचे पाय.

साध्या फोटोत नको ते चौकटीबाहेर ठेवता येतं. इथं चौकटच नाही. कचराकुंडी, विजेच्या तारा, तुमची स्वतःची सावली, सगळं येणार. हातात राहतं ते एवढंच, उभं कुठं राहायचं आणि किती वाजता. सिद्धेश्वरला मी आधी पाऊण तास नुसता हिंडलो, कॅमेरा पिशवीतच. किल्ला तलावाच्या पश्चिमेला आहे, त्यामुळं सकाळचं ऊन देवळाच्या बाजूनं येऊन तटावर पडतं. साडेसात ते साडेआठ ही वेळ छान. सूर्य फोटोत येणारच, तो निदान एकाच फोटोच्या मधोमध घ्या. दोन फोटोंच्या जोडावर आला की दोन्हीकडची चमक जुळता जुळत नाही. गाभाऱ्याकडं कॅमेरा वळवण्याआधी विचारून घ्या, हे सांगायला नको.

माझं सामान: २४ मेगापिक्सेलचा क्रॉप (लहान) सेन्सर कॅमेरा, ८ मिलिमीटरची फिशआय (खूप रुंद कोनाची) लेन्स, नोडल हेड (कॅमेरा एका ठरावीक बिंदूभोवती फिरवणारी ट्रायपॉडवरची पकड). दर ६० अंशांवर एक असे सहा फोटो, एक आभाळाचा, एक जमिनीचा. सगळं मॅन्युअल. एफ ८, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स उन्हाचा. यातलं एकही ऑटोवर राहिलं तर आभाळात पट्टे पडतात. फोकस अर्ध्या मीटरवर ठेवून चिकटपट्टी लावली की या लेन्सवर जवळपास सगळंच स्पष्ट येतं.

नोडल पॉइंट मात्र घरूनच जुळवून न्या. लेन्समधल्या एका ठरावीक बिंदूभोवती कॅमेरा फिरला पाहिजे. तो चुकला की जवळची वस्तू लांबच्या वस्तूपुढून सरकते आणि जोड फाटतो. मी मामांच्या खिडकीचा गज आणि समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी धरून जुळवला. कॅमेरा डावीकडून उजवीकडं फिरवताना गज टाकीवरून हलला नाही म्हणजे जमलं. मामा बाजूला कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसले होते. म्हणाले, "फोटो काढतोस का भिंत बांधतोस बे?"

मामा गवंडीकाम करून निवृत्त झालेत. पुढं किल्ल्यावर त्यांचीच विद्या कामी आली.

भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडं आहे. तिकीट काढलं म्हणजे ट्रायपॉड लावता येतो असं नाही, त्याला वेगळी परवानगी लागते. मला ठाऊक होतं, तरी "छोटा आहे, चालेल" म्हणून नेला. पहारेकऱ्यानं नम्रपणे तो दाराशी ठेवून घेतला. चूक माझीच. मामांनी स्कूटरच्या डिकीतून ओळंबा काढला. त्याची दोरी लेन्सखाली, जुळवलेल्या बिंदूच्या नेमक्या जागी बांधली, वजन फरशीच्या एका चिरेवर टेकेल न टेकेल इतकं सोडलं. मग कॅमेरा हातात धरून मी दोरीभोवती फिरलो. टोक चिरेवरून हलू लागलं की मामा ओरडायचे, "चार बोटं मागं!" हातानं काढलेला पॅनो असा जमेल यावर माझा विश्वास नव्हता. पण जवळ काही नसलं की जमतो. तटाच्या भिंतीपासून पाच-सहा फूट लांब, मोकळ्यात उभे राहा. वारा असेल तर दोरी झुलते, तेव्हा नाद सोडा.

दुसऱ्या दिवशी हत्तरसंग कुडल. विजापूर रस्त्यानं मंद्रूप ओलांडून, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. जेवण आणि पाणी बरोबर घ्या. भीमा आणि सीना इथं मिळतात, आणि संगमावर उभं राहिलं की गोल फोटो का काढायचा ते कळतं. एक नदी समोर, दुसरी बाजूला, देऊळ पाठीशी. साध्या लेन्सनं यातलं एकच काहीतरी मिळालं असतं. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे, "वाछि तो विजेया होईवा". जो वाचेल तो विजयी होईल. मंडपात खांब अगदी हाताशी, त्यामुळं इथं नोडल हेडशिवाय काम नाही. शिवाय आत अंधार आणि दाराबाहेर पांढरं ऊन, म्हणून प्रत्येक दिशेला कमीजास्त प्रकाशाचे पाच फोटो घेतले. तेवढं करूनही तुळईवरची अक्षरं पॅनोत वाचता येत नाहीत. लेखाचा वेगळा, जवळून फोटो काढा आणि पॅनोत त्या जागी हॉटस्पॉट ठेवा, दाबलं की उघडेल असा.

बहुमुखी शिवलिंगापाशी मात्र माझी पंचाईत झाली. त्यावर ३५९ मुखं कोरली आहेत. पॅनोत बघणारा मध्ये असतो आणि जागा त्याच्याभोवती. इथं मध्ये लिंग, फिरायचं ते आपण. किती खटपट केली तरी शेजारी उभं राहून काढलेल्या पॅनोत एकच बाजू दिसणार. मी कॅमेरा उतरवला आणि साधे फोटो काढले. मामांनी हिशेब केला, "तुझ्या ३६० ला एक कमी पडलं की रे." शेजारच्या गृहस्थांनी लगेच दुरुस्ती केली, मूळ लिंग धरून ३६० होतात.

घरी जोडून झालं की चित्र रुंदीला उंचीच्या बरोबर दुप्पट हवं. माझं १२००० बाय ६००० पिक्सेल निघालं. ब्राउझरमध्ये फिरवून दाखवायला पॅनेलम वापरतो, तेही फुकट. पूर्ण चित्र थेट टाकू नका, त्याचे तुकडे पाडून द्या, आणि जुन्या मोबाईलसाठी ४०९६ रुंदीची एक प्रत ठेवा. मामांच्या फोनवर तीच चालली. किल्ल्याचा पॅनो उघडल्यावर त्यांनी ना बुरूज बघितला ना तलाव. बोटानं गरगर फिरवत रस्त्याकडं आले आणि आपली स्कूटर दिसते का ते शोधू लागले. दिसते. नंबरप्लेट तेवढी मी पुसली आहे.