होळीच्या आत कुठले डोंगर? जळगावहून एका दिवसात जाऊन यायचं असेल तर

फेब्रुवारी लागला की माझं एकच काम चालू असतं, होळीपर्यंत किती रविवार शिल्लक आहेत आणि त्यात कुठले कुठले डोंगर बसतात ते बघत राहायचं. आपल्याकडचा ट्रेकिंगचा सीझन पुण्या-नाशिकवाल्यांसारखा नाहीये. त्यांचा मेन सीझन पावसाळा, आणि आपल्याकडे पावसाळ्यात सातपुड्यातले नाले एकदा भरून वाहायला लागले की वाट बंद, गवत कमरेच्या वर, आणि मग दिवाळीनंतर थंडीत सगळे भरीत पार्ट्यांमध्ये बिझी (त्याला माझी काही तक्रार नाही, भरीत पाहिजेच). मार्चच्या मध्यानंतर तर ऊन असं लागतं की डोंगराकडे बघवत पण नाही. म्हणजे उरतात हे थंडी ओसरतानाचे पाच-सहा आठवडे, आणि ते वाया गेले की मला खरंच हळहळ वाटते, कारण वर्षभरात सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर इतके मोकळे कधीच दिसत नाहीत. सागाची पानं गळून गेलेली, झाडी विरळ, त्यामुळे डोंगराची खरी ठेवण दिसते, कुठली सोंड कुठे उतरते, कडा कुठे तुटतो, सगळं.

आता मुद्द्याचं. लोक विचारतात कुठे जाऊ, आणि मी विचारते कधी जाणार. तापीच्या खोऱ्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधे आपण. सातपुड्याचा जो उतार आपल्या बाजूला आहे त्याचं तोंड दक्षिणेकडे, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडूनच फिरतो, त्यामुळे तिथे सकाळी ऊन पडलं की मावळेपर्यंत ते अंगावरच असतं. अजिंठ्याच्या रांगेचं बरोबर उलटं. तिचे कडे आपल्याकडे म्हणजे उत्तरेकडे तोंड करून उभे, त्यामुळे पायथ्याची झाडी सकाळी बऱ्याच उशिरापर्यंत सावलीत राहते, आणि उभ्या कड्याच्या अगदी तळाला तर भर दुपारीसुद्धा सावलीचा पट्टा सापडतो. म्हणून माझा हिशोब साधा आहे, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सातपुडा, आणि त्यानंतर होळीपर्यंत अजिंठ्याची बाजू. उलटं केलं तर फेब्रुवारीच्या शेवटी सातपुड्याच्या उघड्या उतारावर दुपारी एक वाजता तुम्ही आणि तुमची रिकामी बाटली, बाकी कोणी नाही.

सातपुड्यात जवळचं म्हणजे मनुदेवी. यावल तालुक्यात आडगावच्या वरती, देवस्थान असल्यामुळे रस्ता आहे, गाडी बरीच वर जाते, त्यामुळे घरात पहिल्यांदाच डोंगरात येणारं कोणी असेल, लहान मुलं असतील तर सुरुवात इथून करा. पावसाळ्यातला तो मोठा धबधबा फेब्रुवारीत बघायला मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोरं नाराज होतात. पण त्या घळीत सकाळचा गारवा चांगला टिकतो. पहाटे यावल रोडने जाताना केळीच्या बागांना पाणी सुटलेलं असतं, तिथून बाईक गेली की दोन मिनिटं अंगावर काटा येतो आणि बाग संपली की परत हवा कोरडी, हा बदल इतका चटकन होतो की डोळे मिटून सांगता येईल बाग कुठे आहे (डोळे मिटायचे नाहीत, बाईक चालवताय, आणि स्वेटरवर विंडचीटर घाला).

पाल थोडं लांब, रावेर तालुक्यात, सावदा-खिरोद्यावरून वर चढलं की येतं. यावल अभयारण्य हा १९६९ पासूनचा जाहीर झालेला भाग आहे आणि पाल त्याच पट्ट्यात येतं, तेव्हा नाक्यावर नाव लिहायचं, जी काही फी असेल ती भरायची आणि कुठल्या वाटेने जाताय ते वनरक्षकांना सांगून जायचं. मला पालमध्ये सगळ्यात आवडतं ते कांडोळाचं झाड. इतर वेळी नजरेत पण येत नाही, पण पानगळ झाल्यावर त्याचं खोड पांढरंफटक दिसतं, साल कागदासारखी सुटते, हात लावला तर थंड आणि गुळगुळीत. दगडाळ उतारावर जिथे दुसरं काही धड वाढत नाही तिथे हे एकटं उभं असतं. आणि त्याच्या आसपास पळस पेटलेला. पळसाच्या एका झाडाखाली अर्धा तास नुसतं बसून बघा, बुलबुल, साळुंक्या, शिंजीर, फुलातला रस प्यायला रांग लागलेली असते, खाली फुलांचा सडा. यासाठी दुर्बीण नसली तरी चालतं, पक्षी इतके जवळ असतात.

होळीच्या आधीच्या आठवड्यात चोपडा-यावल-शिरपूरच्या सातपुड्याकडे जाणार असाल तर भोंगऱ्याचे बाजार चालू असतात हे लक्षात घ्या. पावरा-बारेला आदिवासी समाजाचा वर्षातला मोठा आनंदाचा बाजार, ढोल, बासऱ्या, नवे कपडे, चांदीचे दागिने, रस्ते माणसांनी भरलेले. तो बघायला जरूर जा पण त्या दिवशी ट्रेक ठेवू नका, आणि कोणाच्याही तोंडासमोर विचारल्याशिवाय मोबाईल धरू नका. त्यांचा सण आहे तो, आपण पाहुणे.

आता दुसरा पंधरवडा, म्हणजे माझ्या मते खरी मजा. पाटणादेवी. चाळीसगावपर्यंत रेल्वेने या, तिथून साधारण १८ किलोमीटर, रिक्षा किंवा एसटीची चौकशी आधी करून ठेवा कारण परतीचं साधन दुपारनंतर मिळेलच असं नाही. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मधे चंडिकादेवीचं जुनं दगडी मंदिर, हा सगळा गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे, १९८६ पासूनचा. बहुतेक लोक दर्शन घेऊन, डबा खाऊन परत जातात. पण मंदिराच्या मागे कन्हेरगड आहे, आणि वर चढताना सीतान्हाणी, शृंगारचावडी, नागार्जुन कोठी अशी कोरीव लेणी लागतात. वाट चढाची आहे पण सकाळी आठच्या आत सुरुवात केली तर बराचसा चढ सावलीतच होतो, हेच ते उत्तरेकडच्या तोंडाचं सुख.

आणि पाटणचं अजून एक, जे मला दर वेळी भारी वाटतं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख इथेच मिळाला, भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात लोकांसमोर आणला. म्हणजे भास्कराचार्यांचा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ सिद्धांतशिरोमणी शिकायला पोरं याच डोंगराच्या कुशीत येऊन राहत असणार. इथे रात्री आकाश अजूनही चांगलं काळं असतं, पण अभयारण्यात संध्याकाळनंतर थांबू नका, बिबट्या आहे.

पितळखोऱ्याची लेणी पण याच डोंगरात, पार इसवी सनापूर्वीची, पाटणादेवीवरून जंगलातून चढून जाता येतं. पण ती वाट माहितगार माणसाशिवाय करू नका, आणि तिथल्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. हे मी फार मनापासून सांगते, डिओ-परफ्यूम मारून जायचं नाही, आरडाओरडा नाही, सिगरेट-धूर तर अजिबातच नाही, आणि कोणी गंमत म्हणून दगड मारायला लागलं तर त्याला तिथल्या तिथे खाली आणा. माश्या उठल्या तर कड्यावर पळायला जागा नसते.

वेताळवाडीचा किल्ला ज्यांना जास्त चालायचं नाही त्यांच्यासाठी. सोयगावच्या जवळ, जिल्हा बदलतो पण आपल्याला पहूर-फर्दापूरवरून सोपं. घाटरस्ता किल्ल्याला खेटूनच जातो, त्यामुळे चढ थोडा, तटबंदी आणि बुरूज मात्र अजून दणकट, आणि वरच्या कमानींच्या हवामहालातून खाली सोयगावचं खोरं दिसतं. जवळच रुद्रेश्वरची लेणी आहेत, दोन्ही एका दिवसात होतात. अजिंठा लेणी जोडणार असाल तर सोमवार टाळा, बंद असतात.

धुळेकरांना लळिंग आहेच, आग्रा रोडवर शहरापासून दहाएक किलोमीटर, सकाळी जाऊन अकराला घरी. तिथला लांडोर बंगला पण बघा, १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याला आले होते तेव्हा तिथे राहिले होते.

बाकी तयारी. पाणी माणशी तीन लिटर, यात काही कमी-जास्त नाही, फेब्रुवारीत डोंगरावरची टाकी हिरवी झालेली असतात आणि ओढे आटलेले. सकाळी १३-१४ डिग्री असतं म्हणून लोक फसतात, तहान लागत नाही, आणि दुपारी पारा ३३-३४ वर गेल्यावर डोकं धरून बसतात. तहान नसली तरी दर अर्ध्या तासाने घोट घ्या. पाटणादेवीकडे गुरं वळणारे एक बाबा आम्हाला दिसले की आधी एवढंच विचारतात, "पानी शे ना जोडे?" (पाणी आहे ना सोबत?) हो म्हटलं की मगच वाट दाखवतात. मला वाटतं ट्रेकची एवढी एकच परीक्षा पुरे.

पँट नायलॉनची घाला, गुळगुळीत. वाळलेल्या गवताची कुसळं सुती मोज्यात अशी घुसतात की बाहेरून ओढली तर टोक आतच राहतं, आणि ते प्रत्येक पावलाला टोचतं. मोजा काढून, उलटा करून, आतल्या बाजूने एकेक काढावं लागतं. उतरताना वाळलेल्या गवताखाली मुरूम असतो, तिथे पाय सरकतो, टाच आधी टेकवा आणि हातात काठी ठेवा.

डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, आणि थोडी केळी. चूल मांडायची नाही. शेकोटी पण नाही. या दिवसात वनविभाग जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे) काढत असतो, मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात तिथूनही आग पसरते, वाळकं गवत एका ठिणगीत टेकडीच्या टेकडी घेऊन जातं. आपला चहा थर्मासमधून न्या, गरमच राहतो.

आणि वेळ. पहाटे पाचला घर सोडा, उजाडता उजाडता, म्हणजे सातच्या आसपास, पायथ्याला. अकरा वाजता जिथे असाल तिथून माघारी, टोक दहा मिनिटांवर दिसत असलं तरी. यावर आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी वाद होतो आणि मी दर वेळी ऐकत नाही, कारण कड्याखालची सावली आपण उतरेपर्यंत थोडी तरी शिल्लक पाहिजे.

तोरणमाळ मी यात मुद्दाम धरलेलं नाही. जळगावहून एका दिवसात ते नुसतं गाडीत बसणं होतं, शहाद्याला मुक्काम करा किंवा वरच राहा. महाशिवरात्रीला तिथे गोरखनाथांची मोठी यात्रा भरते, शांतपणे फिरायचं असेल तर ते दोन-चार दिवस सोडून जा, यात्राच बघायची असेल तर तेव्हाच जा. आमचं यंदा पहिल्या पंधरवड्यात पाल आणि मग होळीच्या आधी कन्हेरगड असं ठरलंय, चाळीसगावच्या तिकिटांचं तेवढं बघायचं राहिलंय.