परसातला बार आणि उघडलेले झाकण

सभागृहातल्या बारच्या पाठीशी भिंत असते, आतल्या बाजूस फक्त आम्ही असतो आणि साठा आमच्या ताब्यात असतो. घरामागच्या परसात स्वागतसमारंभ असला की टेबल चारही बाजूंनी मोकळे असते, बाटल्या यजमानांच्या असतात आणि जवळचा प्रत्येक नातेवाईक स्वतःला यजमानच समजतो. समारंभांत मद्य वाढण्याचे काम मी अनेक वर्षे करत आले आहे. तरीही त्या संध्याकाळचा प्रसंग अजून मनातून जात नाही.

वधूच्या वडिलांना सगळेच स्वयंसेवेवर ठेवायचे होते. "आपलीच माणसे आहेत, त्यांच्यावर पहारा कशाला?" असे ते म्हणत राहिले, आणि बऱ्याच बोलण्यानंतर एक मधला मार्ग निघाला. बिअर आणि वाइन बर्फपाण्याच्या टबांत मोकळी राहील. व्होडका मात्र बाटलीतून कोणालाही मिळणार नाही, ती फळांच्या रसात मिसळून नळ असलेल्या काचेच्या भांड्यात ठेवली जाईल. हे मिश्रण मी मोजून केले होते. एकूण 10 लिटरमध्ये 40 टक्क्यांच्या व्होडकाच्या 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे 6 टक्के अल्कोहोल. 200 मिलिलिटरच्या ग्लासात सुमारे साडेनऊ ग्रॅम, म्हणजे 5 टक्क्यांच्या 330 मिलिलिटर बिअरपेक्षाही कमी. ज्याला घरी गाडी चालवत जायचे आहे त्याला आपण किती घेतले हे कळायलाच हवे, म्हणून भांड्यावर तशी ठळक पाटीही लावली होती.

पिण्याचा बर्फ आणि बाटल्या गार करण्याचा बर्फ मी कधीही एकत्र ठेवत नाही. पिण्याचा बर्फ आणायला घरात जाऊन परत आले, तर भांड्याचे झाकण बाजूला काढलेले आणि टेबलाखाली व्होडकाची रिकामी बाटली. वधूच्या चुलत भावाने घरातली बाटली आणून पूर्ण ओतली होती. माझा सहकारी समोरच उभा होता. हात इतका सफाईदार असलेला माणूस विरळा, पण घरच्या माणसाला अडवायचे कसे, या संकोचाने तो गप्प राहिला. हा संकोच मला आमच्या धंद्यातला सर्वांत घातक दोष वाटतो.

भांड्यात तेव्हा साधारण निम्मे मिश्रण उरले होते. पाच लिटरमध्ये आणखी एक बाटली, म्हणजे 6 टक्क्यांचे 10 टक्क्यांच्याही वर आणि तेवढ्याच ग्लासात साडेसोळा ग्रॅमच्या आसपास. रस आणि साखरेमुळे जिभेला हा फरक फारसा जाणवत नाही, आणि पाटी मात्र जुनाच आकडा सांगत होती. मी नळ बंद केला आणि भांडे मोरीत रिकामे केले. "माझ्या घरातली दारू ओतून टाकायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" असे वधूचे वडील सगळ्यांदेखत म्हणाले. मी त्यांना आकडे सांगितले. ते त्यांनी ऐकले असे मला वाटत नाही.

मधल्या वेळात कोणी ग्लास भरून घेतले हे सहकाऱ्याला आठवत होते, म्हणून आम्ही एकेकाला गाठून सांगितले. त्यांत एक बाई होत्या. गाडी चालवायची म्हणून पाटी वाचून, पोटभर जेवून, त्यांनी नेमके दोनच ग्लास घेतले होते. त्यांच्या हिशेबाने एकोणीस ग्रॅम, प्रत्यक्षात तेहतीस. कॉफीने अल्कोहोल लवकर उतरत नाही. त्याला वेळच द्यावा लागतो. त्यांच्यासाठी दुसऱ्या गाडीची सोय केली. मला सर्वाधिक संताप याच गोष्टीचा आला: बेफिकीर पिणाऱ्याने पाटी वाचलीच नव्हती, फसवणूक झाली ती मोजून पिणाऱ्या बाईंची.

सहकाऱ्याचे म्हणणे असे की माइकवरून एकदाच सर्वांना सांगायला हवे होते. एखादा हातातून सुटला असता तर काय? त्याचा मुद्दा खोटा नाही. पण तशी घोषणा झाली असती तर चुलत भावाचे नाव लग्नाच्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी झाले असते आणि वधूला ते सहन करावे लागले असते, म्हणून मी एकेकाकडे गेले. आता परसातल्या समारंभासाठी मी मिश्रण दोन-दोन लिटरच्या बंद बाटल्यांतच नेते, एका वेळी एकच उघडते, आणि ओतणे थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे यजमानांकडून आधी लिहून घेते. माइकचा प्रश्न मात्र आमच्या दोघांत अजून मिटलेला नाही.