मयताच्या घरात पाऊण तास

मी त्वचापेढीत परिचारिका आहे. अवयवदान म्हटलं की लोकांना आयसीयू, मेंदूमृत रुग्ण आणि रस्ता मोकळा करून धावणारी रुग्णवाहिका आठवते. आमचं काम फारसं कुणाला ठाऊक नसतं. सायन रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, तरी आजही मुंबईत ‘त्वचासुद्धा देता येते?’ असं विचारणारेच जास्त भेटतात. देता येते. हृदय थांबल्यावर, घरी मृत्यू आला तरी, डोळे आणि त्वचा देता येतात. फक्त सहा तासांच्या आत. म्हणून पेटी घेऊन आम्हीच मयताच्या घरी जातो.

लालबागच्या त्या चाळीचा जिना आम्ही चढलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. अण्णा गेले होते. वय ७८, बेस्टमधून निवृत्त. मुलगी सावंतवाडीहून निघाली होती, त्यामुळे अंत्यविधी सकाळी. फोन सुनेने केला होता. अण्णा तिला तसं सांगून गेले होते. लेखी काही नव्हतं. पण संमती जवळच्या नातेवाइकांची लागते, त्यामुळे तेवढ्याने अडत नाही. डॉक्टरांचा दाखला तयार होता. नेत्रपेढीची माणसं आमच्याआधी येऊन गेली होती. त्यांचं काम पंधरा-वीस मिनिटांत होतं.

अडलं ते आमच्यापाशी. अण्णांचे चुलतभाऊ दारातच म्हणाले, “डोळे दिले, ठीक आहे. आता कातडी सोलणार? उद्या पिंडाला कावळा शिवेल का?”

खोलीत कुणी काही बोललं नाही. अशा वेळी मी वाद घालत नाही. त्यांचा राग माझ्यावर नव्हता. भाऊ गेला होता. मी एवढंच सांगितलं की मांड्या, पाय आणि पाठीवरून कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ थर घेतो, रक्तस्राव होत नाही, चेहऱ्याला हात लावत नाही, आणि पट्ट्या बांधून, कपडे घालून त्यांना पुन्हा तुमच्या ताब्यात देतो. मुलगा आईकडे बघत राहिला.

आजी उशाशी बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं. “खरा सांग गो बाय. ज्याका लावतलास, त्याच्या आंगार ती कायम रवतली?”

‘हो, अण्णा कुणाच्या तरी रूपात राहतील’ असं म्हणणं सोपं होतं. पण त्वचेच्या बाबतीत ते खरं नाही, आणि त्या रात्री त्या बाईंना खोटं सांगावंसं मला वाटलं नाही. मी म्हटलं, “नाही आजी. ज्याचं निम्मं अंग भाजलंय त्याच्याकडे जखमांवर लावायला स्वतःची पुरेशी त्वचा नसते. उघड्या जखमांतून पाणी जातं, जंतू शिरतात, आग होते. अण्णांची त्वचा त्यावर झाकणासारखी बसेल. दोन-तीन आठवडे टिकेल, मग ते शरीर तिला सोडून देईल. पण मधल्या काळात माणूस सावरतो, त्याची स्वतःची त्वचा लावता येते. त्या आठवड्यांतच जीव जातो किंवा वाचतो.”

आजी बराच वेळ अण्णांच्या हातावरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तवसर हे त्याका सोबत करतले.” आणि मुलाकडे न बघता माझ्याकडे हात पुढे केला, “पेन दी.”

चुलतभाऊ गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांनी नंतर अडवलं नाही. आम्ही पलंगाभोवती चादर धरली, तपासणीसाठी रक्त घेतलं आणि पाऊण तासात काम उरकलं. ती त्वचा ग्लिसरॉलमध्ये साठवली जाते, पाच वर्षांपर्यंत वापरता येते. रक्तगट जुळावा लागत नाही.

मयताच्या घरातली रात्र मी अनेकदा पाहिली आहे. फोन होतात, कुणीतरी भोईवाड्याच्या स्मशानाची चौकशी करतं, शेजारणी चहा करतात, आणि जिचा माणूस गेला तिला करण्यासारखं काही उरत नाही. औषधाची वेळ नाही, पेज भरवायची नाही. त्या तासांत तिच्या एका सहीने अनोळखी माणसाचं काही होणार असतं. दुःख त्याने कमी होत नाही, असं मी तरी पाहिलेलं नाही. पण भेटायला येणाऱ्यांना ‘कसं झालं?’ याचं उत्तर देऊन झाल्यावर त्या घराकडे सांगायला आणखी एक गोष्ट असते, आणि ती सांगताना आवाज वेगळा असतो.

तेराव्यानंतर मुलाचा फोन आला. चाळीतल्या लोकांना माहिती हवी होती, याल का? रविवारी गेले. चुलतभाऊही मागे बसले होते, शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. लोकांनी विचारलं: मधुमेह असेल तर? चालतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर? डोळे तरीही देता येतात. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क असेल तर मात्र नाही.

एका वहिनींनी विचारलं, रात्री कुणी गेलं तर तुम्हाला सकाळी कळवलं तर चालेल ना? मी तोंड उघडायच्या आत आजीच म्हणाल्या, “सकाळी नाय गो. लगेच. आधी पंखो बंद करूचो, डोळे मिटून वर ओलो कापूस ठेवूचो, आणि फोन करूचो. रडाक मागसून वेळ असा.”