एक्सरे काढू की नको, आणि खालच्या धुराचं काय

"एक्सरे काढला की डीएनए तुटतो म्हणे, खरंय का गं?" मी लॅबमधे पेशींवर काम करायचे हे कळलं की हा प्रश्न येतोच. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी विचारला, डॉक्टरांनी छातीचा एक्सरे सांगितलेला आणि यांनी चिठ्ठी घडी करून देव्हाऱ्यापाशी ठेवून दिलेली. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून नीट सांगते.

हो, तुटतो. पण किती ते बघा. ग्रे म्हणजे शरीरात मुरलेलं रेडिएशन मोजायचं माप, 1 ग्रे एवढा डोस बसला तर एका पेशीत डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटायचे प्रकार साधारण 35 ते 40 ठिकाणी होतात, आणि छातीच्या एका एक्सरेचा डोस त्याच्या दहा हजाराव्या भागाइतका, खूपदा त्याहूनही कमी. म्हणजे अडीचशे पेशींमागे एखादीत एक. उलट काहीही न करता नुसतं जगताना, श्वासातल्या ऑक्सिजनमुळे, पेशीतल्या पाण्यामुळे, प्रत्येक पेशीच्या डीएनएला रोज हजारो बारीक इजा होतात आणि पेशी त्या दुरुस्त करत बसते, या दुरुस्तीच्या अभ्यासासाठीच 2015 चं केमिस्ट्रीचं नोबेल लिंडाल, मॉड्रिच आणि संजार यांना मिळालं. फक्त रेडिएशनची एक खोड आहे, त्याची एनर्जी एकाच जागी पडते त्यामुळे दोन-तीन इजा अगदी खेटून होतात आणि अशी गाठ सोडवताना पेशी चुकू शकते. म्हणून कारण नसताना सीटी स्कॅन नको, त्याचा डोस एक्सरेच्या कितीतरी पट असतो.

धुराबद्दल मात्र मला कोणी विचारत नाही, आणि मला तर तेच जास्त सांगायचंय. डिझेल, चूल, सिगरेट, पेटवलेला कचरा या सगळ्यांच्या धुरात बेंझोपायरीन असतं. ते स्वतः डीएनएला काही करत नाही. पण शरीर त्याला बाहेर टाकायला म्हणून पाण्यात विरघळेल असं करायला जातं आणि त्या खटपटीत मधेच एक असं रूप तयार होतं की ते डीएनए ज्या चार अक्षरांत (ए, टी, जी, सी) लिहिलेला असतो त्यातल्या जी ला जाऊन चिकटतं, दुरुस्ती व्हायच्या आत पेशीने कॉपी काढली तर जी च्या जागी टी लिहिला जातो, कायमचा. 1996 मधे दिसलं की पी53 या, पेशीला कॅन्सरपासून जपणाऱ्या जीनमधे हे नेमकं तिथेच चिकटतं जिथे फुप्फुसाच्या कॅन्सरमधे बदल सापडतात. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. 2013 मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने बाहेरच्या प्रदूषित हवेलाच पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलंय.

लॅबमधे आम्ही कॉमेट टेस्ट करायचो, 1988 मधे नरेंद्र सिंग यांनी बसवलेली पद्धत. स्लाइडवर अगारोजच्या, म्हणजे एका जेलीच्या, पातळ थरात पेशी बसवायच्या, फोडायच्या, करंट द्यायचा. धड डीएनए गोल राहतो, तुटलेला ओढला जाऊन शेपटी निघते, अगदी धूमकेतू. ती शेपटी डोळ्यांनी पाहिल्यापासून मला धूर नुसता धूर वाटत नाही.

काकूंना म्हटलं, चला, मी येते सोबत. एक्सरे काढला. आणि सोसायटीत रोज सकाळी पाला आणि प्लास्टिक एकत्र पेटवतात, ते बंद करा असं पत्र मी कमिटीला दिलंय, त्यावर पहिली सही काकूंची आहे.